गोधड्या, बटवे, तोरणं ऑनलाइन विकायची तर कोणत्या बाजारात?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंगोली जिल्ह्यात तुमचा अकरा जणींचा बचत गट आहे. गोधड्या, गोरमाटी (बंजारा) भरतकामाचे बटवे आणि कवड्या-आरशांची तोरणं करून तुम्ही आठवडी बाजारात आणि प्रदर्शनांत विकता. आता ऑनलाइन जायचंय. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो, एट्सी (हस्तकलेचा परदेशी ऑनलाइन बाजार) आणि सरकारी पोर्टल यांत सगळ्यांत कमी कमिशन कुणाचं, असं तुम्ही विचारलंय.

कमिशन पाहून बाजार निवडू नका. मीशो विक्रेत्याकडून कमिशन घेत नाही, तरी तिथे पाच हजारांची गोधडी खपणार नाही, कारण तिथलं गिऱ्हाईक दोन-चारशेच्या आतली वस्तू शोधायला आलेलं असतं. तुमच्या तिन्ही वस्तूंचं गिऱ्हाईक वेगळं आहे, म्हणून तिन्हींचा बाजारही वेगळाच निघेल.

आधी हे ठरवा की एकसारखे नग किती देता येतील. ऑनलाइन बाजारात प्रत्येक वस्तूचं एक पान असतं. फोटो, मापं, वर्णन, शोधाचे शब्द भरून ते पान नीट उभं करायला अर्धा दिवस जातो. त्यावर खरेदी झाली, लोकांनी तारे दिले, की ते पान शोधात वर सरकतं. बटव्याचा एक नमुना, चार रंग आणि प्रत्येक रंगाचे २५ नग असतील, तर एकाच पानावर शंभर बटवे विकले जातात आणि प्रत्येक विक्रीचा फायदा पुढच्या विक्रीला होतो. गोधडीचं तसं होत नाही. प्रत्येक गोधडी एकटी. ती विकली गेली की तिचं पान संपलं, तिला मिळालेले तारेही तिच्याबरोबर गेले. नवीन गोधडीला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्यामुळे मोठ्या बाजारात बटवाच न्यावा आणि गोधडी थेट ऑर्डरवर विकावी. तोरणाचं पुढे सांगते.

आता बटव्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे घालून बघा. २० बाय १५ सेंटिमीटरचा बटवा. कापड, अस्तर, दोरा, आरसे, कवड्या, नाडी मिळून ७० रुपये. भरतकाम आणि शिलाई चार तास, ताशी ४० प्रमाणे १६०. पिशवी, पुठ्ठा, चिठ्ठी १५. एकूण २४५. विक्रीची किंमत ४९९ ठेवली आणि तुम्ही जीएसटीत नोंदलेल्या असाल, तर ५ टक्क्यांप्रमाणे साधारण २४ रुपये कर त्यातच गेला. बाजाराचं कमिशन, ठरावीक फी, पोचवण्याचा खर्च हे सगळं मिळून १५० धरा. हातात आले ३२५, खर्च जाऊन उरले ८०.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेक जणी करतात. खरा प्रश्न परत येणाऱ्या मालाचा आहे. एक बटवा परत आला तर जाण्या-येण्याचे साधारण ९० रुपये गेले, आणि तो मळून किंवा आरसा फुटून आला तर त्याचे २४५ही गेले, म्हणजे ३३५. दहातला एक असा परत आला तर नऊ बटव्यांचे ७२० उरतात, त्यातून ३३५ वजा. राहिले ३८५. दहातले दोन आले तर आठ बटव्यांचे ६४०, आणि नुकसान ६७०. दहा बटवे करून, विकून, पाठवून वर ३० रुपये पदरचे गेले. म्हणून बाजार निवडताना ‘कमिशन किती’ याच्या आधी ‘परतीचा खर्च कोण सोसतं, आणि माल हातात आल्यावर पैसे देण्याची सोय (कॅश ऑन डिलिव्हरी) मला बंद ठेवता येते का’ हे विचारा. अशा ऑर्डरीत पार्सल दारातूनच परत पाठवण्याचं प्रमाण जास्त असतं, कारण गिऱ्हाइकाचं काही अडकलेलं नसतं. कमिशन शून्य पण परती जास्त, असा बाजार हाताच्या कामाला परवडत नाही. ४९९ ला जमत नसेल तर किंमत ६४९ करा किंवा भरतकाम अर्ध्या बाजूचंच ठेवून दोन तास वाचवा. मजुरी कापून किंमत पाडू नका. यंत्रावर छापलेला ‘बंजारा स्टाइल’ बटवा १९९ ला मिळतो, त्याच्याशी किमतीत लढून कुणी जिंकत नाही.

जीएसटीचा भाग मन लावून वाचा, कारण बाजाराची निवड बरीचशी इथेच ठरते. पूर्वी ऑनलाइन बाजारात माल विकायचा तर उलाढाल कितीही छोटी असली तरी जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून ती अट सैल झाली. उलाढाल मर्यादेत असेल आणि माल महाराष्ट्राबाहेर जात नसेल, तर जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे मोफत मिळणारा एनरोलमेंट क्रमांक पुरतो. वर्षाची एकूण विक्री २० लाखांच्या आत असलेल्या गटाला हा रस्ता मोकळा आहे. मीशो अशा विक्रेत्यांना घेतो. बाकीच्या बाजारांत नाव नोंदवताना पहिल्याच पानावर काय मागतात ते बघा, बहुतेक ठिकाणी या मालाला पूर्ण जीएसटी क्रमांकच लागतो.

मग सरळ नोंदणी करून देशभर का विकू नये? गोधडीमुळे. नोंदणी वस्तूची नसते, पॅनची असते. बटव्यासाठी नोंदणी केली की गोधडीवरही कर लावावा लागतो, मग ती तुम्ही शेजारच्या गावात विकलेली का असेना. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीतला १२ टक्क्यांचा टप्पा गेला. गोधडीची किंमत २५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८. पाच हजारांना विकलेल्या गोधडीत ७६३ रुपये कर निघतो. गोधडीला साठ तास लागत असतील तर ताशी ४० ने मजुरी होते २४००. तिचा जवळजवळ तिसरा हिस्सा करात गेला, आणि गिऱ्हाईक पाच हजारांच्या वर द्यायला तयार नसतं. शिवाय नोंदणीनंतर विक्री शून्य असली तरी विवरणपत्र भरावंच लागतं. उशीर झाला तर दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५०.

माझं स्पष्ट मत: पहिलं वर्ष नोंदणी करू नका, म्हणजे बटवाही एनरोलमेंट क्रमांकावर चालणाऱ्या बाजारातच चढवा. मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर ही गिऱ्हाइकं महाराष्ट्रातच आहेत आणि अकरा जणींच्या हातांना ती पुरून उरतात. राज्याबाहेरून थेट ऑर्डर आली, बाजारातून नव्हे, तर सरकारच्या हस्तकला-यादीतल्या वस्तूंना नोंदणीशिवाय पाठवण्याची सवलत आहे. पॅन हवा आणि प्रत्येक पार्सलला ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) हवं, रक्कम कितीही छोटी असो. तुमची वस्तू त्या यादीत बसते का, हे एचएसएन क्रमांकासह (जीएसटीत वस्तूचा वर्ग सांगणारा क्रमांक) एकदा कर सल्लागाराकडून लेखी घ्या.

नाव नोंदवताना अडतं ते बहुतेक वेळा नावापाशी. पॅनवर ‘महिला बचत गट’, बँकेत ‘म. ब. गट’ आणि अर्जात ‘स्वयंसहाय्यता समूह’ असं असेल तर खातं पडताळणीत नापास होतं. बाजार खात्यात एक रुपया टाकून नाव जुळवून बघतो, आणि इंग्रजी स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही चालत नाही. आधी बँकेत जाऊन पॅनप्रमाणे नाव करून घ्या. खातं गटाचं ठेवायचं की एकीच्या नावावर, हेही आत्ताच ठरवा. व्यक्तीच्या नावावर वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या ऑनलाइन विक्रीवर आयकराची कपात होत नाही, गटाच्या नावावर पहिल्या रुपयापासून ०.१ टक्का कापतात. रक्कम किरकोळ आहे. तेवढ्यासाठी खातं एकीच्या नावावर करू नका, कारण पुढे सगळ्यांचं उत्पन्न तिच्या एकटीच्या पॅनवर दिसतं आणि गटात भांडण लागतं.

गोधडीकडे वळू. तुम्ही जुन्या साड्यांच्या गोधड्या करता असं लिहिलंय. वापरलेल्या कापडाचा माल ‘नवा’ म्हणून चढवला तर मोठे बाजार पान काढून टाकतात, गिऱ्हाईकही फसवल्याची तक्रार करतं. पण थेट ऑर्डरमध्ये हाच जुनेपणा तुमची ताकद आहे. पुण्या-मुंबईत आई-आजीच्या साड्या कपाटात जपून ठेवलेल्या असतात. त्या तुमच्याकडे पाठवायच्या, तुम्ही गोधडी शिवून परत पाठवायची. कापडाचा खर्च नाही, माल पडून राहत नाही, आणि आईच्या साडीची गोधडी सहसा कुणी परत करत नाही. यासाठी व्हॉट्सॲप बिझनेसवर वस्तूंची यादी, इन्स्टाग्रामवर फोटो आणि यूपीआय एवढं पुरतं.

पाच बाय सात फुटांच्या गोधडीचं माप सांगते. नेहमीची साडी साडेपाच मीटर लांब, साधारण १.१ मीटर पन्ह्याची. दीड मीटरचे दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की गोधडीचा एक पदर (थर) होतो, म्हणजे शिवणीसकट ३.१ मीटर. चार पदरांना साडेबारा मीटर लागतात. तीन साड्या मागवा. विरलेला भाग, डाग, जड काठ काढूनही पुरतं. जरीचा काठ आत घालू नका. तो टोचतो, धुतल्यावर आक्रसतो आणि वरचा पदर चुरगळतो. साड्या आल्या की गिऱ्हाइकाला लगेच वजन आणि प्रत्येक साडीचा उलगडलेला फोटो पाठवा, फाटलेली जागा असेल तर ती जवळून. हे काम पाच मिनिटांचं आहे, आणि ‘माझ्या साडीला भोक तुम्हीच पाडलं’ हा वाद त्यानेच मिटतो. निम्मी रक्कम आधी घ्या, उरलेली पाठवण्याआधी, तयार गोधडीचा व्हिडिओ दाखवून. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे फोन सांभाळणाऱ्या प्रत्येकीला पाठ असू द्या. ‘घाऊक ऑर्डर देतो, आधी हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा ठग असतो.

पाठवण्याच्या खर्चात गोधडी सगळ्यांत जास्त फसवते. काट्यावर ती १.८ किलो भरते, पण बहुतेक कुरिअर खोक्याच्या आकारावरूनही वजन काढतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. यातलं जे जास्त त्याचे पैसे. सैल घडी घातलेली गोधडी ४० बाय ३५ बाय १५ होते, म्हणजे ४.२ किलो. तीच हवा काढायच्या पिशवीत दाबून ४० बाय ३५ बाय ८ केली तर २.२४ किलो. वस्तू तीच, आणि भाडं जवळजवळ निम्म्या वजनाचं. दाबायची ती पाठवायच्या दिवशीच. आठवडाभर दाबून ठेवली तर घड्या बसतात. तोरण किंवा आरशाचा बटवा असा कधीच दाबू नका. आरशाला आरसा घासला की तडा जातो, म्हणून प्रत्येक थरात बटर पेपर आणि मधे पुठ्ठा घाला.

आणि सगळ्यांत आधी आपला पिनकोड तपासा. गावातून पार्सल उचलायला कुरिअर येतं का? बाजार २४ ते ४८ तासांत माल द्यायला लावतो, उशीर झाला की खात्याला काळा डाग लागतो. उचलणी नसेल तर तालुक्याला आठवड्यातून दोनदा माल पोचवणारी माणसं आणि त्यांचं एसटीचं भाडं हिशेबात धरा. थेट ऑर्डरींना पोस्ट बरं. गाव कोणतंही असो, ते पोचतं.

तोरणांसाठी सरकारी आणि निवडक दुकानं. तुमचा गट राज्य सरकारच्या उमेद अभियानात असेल तर प्रभाग समन्वयकांकडून उमेदमार्ट आणि ई-सरसवर माल चढवता येतो. वस्त्रोद्योग मंत्रालयाचं इंडियाहँडमेड पोर्टल कारागिरांकडून कमिशन घेत नाही. या ठिकाणी गर्दी कमी असते, रोज ऑर्डर येईल असं धरून चालू नका. पण माल चढवायला खर्च नसतो, आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात भेटलेल्या गिऱ्हाइकाला नंतर कुठे घ्यायचं हे सांगायला एक पत्ता मिळतो. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर गिऱ्हाईक सरकारी कचेऱ्या असतात. तिथे तोरण कुणी शोधत नाही, पण कार्यशाळेसाठी दोनशे कापडी फोल्डर-पिशव्यांची मागणी निघते. एवढे नग मुदतीत देता येणार असतील तरच भाग घ्या.

आयटोकरी, ओखाई, जयपोर ही हस्तकलेचीच दुकानं. अशा निवडक दुकानांना माल देताना पहिला प्रश्न: रोख खरेदी की विकल्यावर पैसे? दुसरा: नापास झालेल्या नगांचं परतीचं भाडं कुणाचं? भाव किरकोळ किमतीच्या बराच खाली मिळतो, पण परती, फोटो, गिऱ्हाइकाचे फोन यातलं काही तुमच्या डोक्यावर राहत नाही. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) मोफत आहे, ती करून घ्या. लेखी करार असला तरी सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, हा कायदा त्या कागदामुळे तुमच्या बाजूने उभा राहतो.

एट्सी पहिल्या वर्षी नको. एकेका नगाच्या वस्तूला तो बाजार चांगला आहे हे खरं. एका पानाला चार महिन्यांचे ०.२० डॉलर आणि विक्रीवर, पाठवणीची रक्कम धरून, ६.५ टक्के घेतात. पण निर्यातीसाठी आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक लागतो, आणि अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ ला संपली, त्यामुळे गिऱ्हाइकाला वर शुल्काचा फटका बसतो. तयारी झाली की टपाल खात्याच्या डाकघर निर्यात केंद्रातून पाठवता येईल. परदेशी नमुन्यात कवड्या मात्र नको. शंख-शिंपल्यांच्या निर्यातीवर वन्यजीव कायद्यामुळे बंधनं आहेत, कवडी कोणत्या जातीची हे कस्टमला पटवून देणं तुमच्या हातात नाही. नुसत्या दोऱ्याचं आणि आरशाचं काम पाठवा.

माल परत येण्याची कारणं बाजारात कमी आणि घरात जास्त असतात. पहिलं, चुलीच्या धुराचा वास. आपल्या नाकाला तो कळत नाही, मुंबईच्या बंद फ्लॅटमध्ये पिशवी उघडताच कळतो. तयार माल स्वयंपाकाच्या खोलीत ठेवू नका. दोन दिवस उन्हात उलटसुलट वाळवून झाकणाच्या पत्र्याच्या पेटीत ठेवा. डांबरगोळ्याही नको, कडुनिंबाचा वाळका पाला कापडात बांधून टाका. दुसरं, रंग. प्रत्येक नव्या ताग्याचा चार बोटं तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि गरम इस्त्री फिरवा. पांढऱ्यावर लाली उतरली तर त्या ताग्याचा रंग कच्चा. धुऊन पुन्हा तपासा, तरी उतरला तर त्यात पांढरा दोरा वापरू नका. तिसरं, फोटो. मोबाइल लाल रंग भडक करतो. सकाळी नऊच्या आत, सावलीत, शेजारी पांढरा कागद ठेवून फोटो घ्या आणि स्क्रीनवरचा लाल हातातल्या लालाशी जुळवा. एक फोटो पूर्ण उलगडलेला, एक मागच्या बाजूचा, एक इतका जवळून की धावदोऱ्याचे टाके मोजता यावेत.

आणि सुई. गोधडी शिवताना मोडलेलं सुईचं टोक पदरात राहतं. हाताला लागत नाही, झोपलेल्या बाळाला लागतं. एक मोठा लोहचुंबक घ्या आणि प्रत्येक गोधडीवर दोन्ही बाजूंनी, ओळी-ओळीने सावकाश फिरवा. मोडलेल्या सुईचे दोन्ही तुकडे एका डबीत जमा करायचे आणि ते जुळल्याशिवाय ती गोधडी पुढे जाऊ द्यायची नाही, असा नियम करा.

राहिला वेळेचा प्रश्न. ऑनलाइन मागणी नवरात्रापासून दिवाळीपर्यंत उसळते. नेमकं तेव्हाच आपल्याकडे सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. दिवाळी झाली की तांड्यावरची कुटुंबं ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हात शेतात आणि ऑर्डर मोबाइलमध्ये, अशा वेळी मुदत चुकते आणि वर्षभर कमावलेले तारे पंधरा दिवसांत जातात. म्हणून दिवाळीचा माल एप्रिल ते जूनमध्ये तयार करून पेटीत ठेवा. शंभर बटवे आणि चाळीस तोरणं शिल्लक असतील तरच सप्टेंबरमध्ये बाजाराचं पान चालू करा. साडीच्या गोधड्यांच्या ऑर्डरी दसऱ्याआधी पंधरा दिवस घेणं थांबवा आणि ‘पुढची गोधडी फेब्रुवारीत’ असं स्पष्ट लिहा. ज्याला आईच्या साडीची हवी आहे तो थांबतो. पेटीतला माल संपत आला की बाजारातल्या खात्यात सुट्टीची सोय असते, ती त्याच दिवशी लावा, शेवटचा बटवा पॅक होण्याआधी.